उत्तनची खारी हवा

मुंबईहून उत्तरेस जाणारी आगगाडी भाईंदर सोडतांच वसईच्या खाडीवरील पुलावर चढते. पलीकडच्या तीरास लागण्याची बहुतेक प्रवाशांस इतकी घाई असते कीं, भाईंदरहून पश्चिमेस फुटणारा रस्ता कोठें जातो, याची चौकशी करण्यासाठीं सहसा कोणी उतरत नाहीं. तो रस्ता मिठागरांच्या कडेनें मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी हीं गांवें ओलांडीत सातआठ किलोमीटरांवर उत्तनास पोंचतो. तेथून एका अंगास पाली, चौक व खाडीचें मुख. दुसऱ्या अंगास गोराई व मनोरी. पाण्यानें वेढलेल्या या भूभागास पूर्वीं धारावी बेट म्हणत. मुंबई शहरांतील धारावीशीं वाचकांनीं त्याचा घोटाळा करूं नये.

१५३४ सालच्या तहानें वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेलीं, तेव्हांपासून येथील कोळी समाज बव्हंशीं ख्रिस्ती झाला. परंतु देव्हाऱ्यांतील मूर्ति बदलली तरी जिभेवरील भाषा बदलली नाहीं. देवळाची घंटा वाजते ती पोर्तुगीज घाटाच्या मनोऱ्यांतून, आणि तिच्या खालीं उभ्या असलेल्या बायका आपसांत बोलतात तें मराठीच, जरा खाऱ्या वळणाचें. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत आधीं धारावी आणि मग वसई मराठ्यांच्या हातीं आली. चौकाच्या टेकडीवर उभें राहून समोर खाडीपलीकडे वसईचा किल्ला पाहिला म्हणजे या क्रमाचें कारण निराळें समजावून घ्यावें लागत नाहीं. समुद्रांतून वसईकडे जाणारें प्रत्येक गलबत या टेकडीच्या नजरेखालून जाई. जागा ओळखल्यावांचून लढाईचा अर्थ लागत नाहीं, तसाच रोगाचाहि लागत नाहीं, हें याच गांवीं आमच्या प्रत्ययास आलें. तेंच आज सांगावयाचें आहे.

आयुर्वेदानें देशाचे तीन प्रकार मानिले आहेत: जांगल म्हणजे रुक्ष, आनूप म्हणजे जलबहुल, आणि साधारण. रोग्याची नाडी पाहण्यापूर्वीं तो कोणत्या देशांतून आला हें वैद्यानें विचारावें, असा संप्रदाय आहे. उत्तन हा आनूप देश खरा, आणि त्यांतहि खारा. मार्गशीर्षांतील सकाळींहि येथें हात चिकट राहतात, खिडकीच्या गजास बोट लावलें तर जिभेस मीठ लागतें, आणि किनाऱ्यावर बांबूंचे मांडव घालून वाळत टाकिलेल्या बोंबलांचा वास नाकाशीं घर करून राहतो. आमच्यासारख्या शाकाहारी मंडळींस तो प्रथम जड जातो. परंतु दुसऱ्या दिवशीं त्या मांडवांची शिस्त पाहून कौतुकच वाटूं लागतें. जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांस समुद्र बंद असतो. त्या काळांत होड्या ओढून घेऊन एंजिनें उघडावयाचीं, तारा तपासावयाच्या, रंग द्यावयाचा, असा येथील रिवाज आहे.

आमचा धाकटा पुतण्या या गांवीं बर्फाच्या कारखान्यांत नोकरीस असतो. होड्यांस बर्फ लागतो, तेव्हां कारखाना किनाऱ्याजवळ. कारखाना किनाऱ्याजवळ म्हणून पुतण्याची खोलीहि तेथेंच, आणि घराची सामाईक मोटार गेले तीन पावसाळे त्याच्या खोलीबाहेर समुद्राकडे तोंड करून उभी. आम्ही सहकुटुंब त्याच्याकडे गेलों तें केवळ हवापालटास नव्हे. त्यानें फोनवरून एका रकमेची परवानगी मागितली होती. मोटार चढावर ओढीत नाहीं, मध्येंच शक्ति सोडते, फलकावर पिवळा दिवा लागतो. शहरांतील एका दुरुस्तीगृहानें टर्बो बदलण्याचा सल्ला दिला असून खर्च सत्तर हजारांच्या घरांत सांगितला आहे, असें त्याचें म्हणणें. घरच्या पेटींत तेवढीच रक्कम होती, आणि ती थोरल्या पुतणीच्या पदविका अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाच्या फीसाठीं बाजूस काढलेली होती. फी भरण्याची मुदत सोमवारीं संपत होती, आणि आम्ही उत्तनास पोंचलों तो शनिवार. एकत्र कुटुंबांत पैसा एका खिशांतून काढला म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी हातांतून जातो, हें वाचकांस सांगणें नको.

आतां टर्बो म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. एंजिन जळण खातें, पण जळण जळण्यास वायु लागतो. जितका वायु अधिक, तितकें जळण अधिक व शक्ति अधिक. एंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एरव्हीं वाऱ्यावर जावयाचा. त्याच धुरानें एक चक्र फिरवावें, त्या चक्राच्या दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून एंजिनांत भरावी, ही युक्ति. आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस एंजिनीयरानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. मोटारींतील हें चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतें, आणि हवा वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट दाबापर्यंत भरूं शकतें.

परंतु भरणाऱ्यास आवरणाराहि हवा. दाब कमी पडला तर मोटार मरगळते, अधिक झाला तर एंजिन फुटावयाचें. म्हणून आमच्या मोटारीसारख्या डीझेल गाड्यांत धुराच्या चक्राभोंवतीं हलणारीं पातीं असतात. एक काडी तीं पातीं फिरविते. त्या काडीस एक रबरी पडदा ओढतो. त्या पडद्यास निर्वाताची ओढ लागते. आणि ती ओढ किती द्यावयाची हें ठरविणारी एक लहानशी विद्युत् झडप असते. झडपेस दोन तारा. एकीतून बॅटरीचा प्रवाह येतो. दुसरी गाडीच्या संगणकाकडे जाते, आणि तो संगणक ती तार सेकंदांत कित्येक वेळां जमिनीस जोडून व सोडून झडपेची उघडझांक सांभाळतो. झडपेस पुरेसा प्रवाह मिळाला नाहीं तर निर्वात पोंचत नाहीं, पातीं ढिलीं राहतात, दाब चढत नाहीं. दाब मोजणारा सेन्सर हें संगणकास कळवितो, आणि संगणक एंजिनाचें रक्षण करण्यासाठीं शक्ति आखडून घेतो. चढावर मोटार बसते ती अशी. म्हणजे टर्बो धडधाकट असूनहि गाडी टर्बो गेल्यासारखी वागूं शकते, हें येथें ध्यानांत ठेवावें.

पुतण्यानें ज्या मिस्त्रींस बोलाविलें ते होड्यांच्या एंजिनांचें व तारांचें काम करणारे, उत्तनचेच राहणारे. वय पन्नाशीचें, बोलणें बेताचें. गाडीचें झांकण उघडण्यापूर्वीं त्यांनीं तीन प्रश्न विचारले. गाडी कोठें उभी असते? दोष सकाळीं अधिक कीं दुपारीं? प्रथम केव्हां दिसला? पुतण्यानें उत्तरें दिलीं: बाहेर, समुद्राकडे, दंवाच्या सकाळीं अधिक, गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस. माधवनिदान आम्हीं विद्यार्थिदशेंत वाचिलें आहे. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति ही रोगज्ञानाची पांच अंगें. त्यांपैकीं पहिलीं दोन या गृहस्थानें पुस्तकावांचून पुरीं केलीं.

नंतर पुतणीनें गाडीच्या सुकाणूखालील खोबणींत एक लहान यंत्र बसवून संगणकानें नोंदविलेले कोड वाचले. दोन निघाले. एक पी ०२९९, म्हणजे भरणीचा दाब अपेक्षेहून कमी. दुसरा पी ००४५, म्हणजे दाब आवरणाऱ्या झडपेच्या विद्युत् मंडलांत दोष. दुरुस्तीगृहाच्या कागदावर फक्त पहिल्याचा उल्लेख होता. आमच्या न्यायशास्त्राच्या भाषेंत पहिला कोड हें कार्य आहे, दुसरा कारणाच्या दिशेनें बोट दाखविणारें लिंग. ताप हा रोग नव्हे, रोगाची खूण. तसा कमी दाब हा टर्बोचा रोग ठरत नाहीं. मिस्त्रींनीं दोन्ही कोड कागदावर लिहून ठेवावयास सांगितले, व ते पुसूं दिले नाहींत. पुसलेल्या कोडाबरोबर पुरावाहि जातो.

पुढील परीक्षा स्वस्ताकडून महागाकडे व जवळून दुराकडे अशी चालली. प्रथम डोळे: रबरी नळ्या कोठें फाटल्या नाहींत, जोड सुटले नाहींत, फ्यूज शाबूत. मग टर्बोचीच झडती, कारण आरोप त्याच्यावर होता. हातपंपानें पडद्यास निर्वात दिला. काडी न अडखळतां पूर्ण आली व सोडतांच परत गेली. म्हणजे पातीं काजळीनें जखडलेलीं नव्हतीं. चक्राचा दांडा बोटांनीं हलवून पाहिला. त्यांतहि वाजवीहून अधिक खेळ नाहीं. मग दाबाचा सेन्सर: चावी फिरवून, एंजिन न चालवितां त्याचा आंकडा पाहिला, तर १०१ किलोपास्कल. समुद्रकांठीं वातावरणाचा दाब तेवढाच असतो. हीच मोटार महाबळेश्वरास उभी असती तर ८६-८७ दिसला पाहिजे होता. म्हणजे निदान स्वस्थ स्थितींत तरी साक्षीदार खोटें बोलत नव्हता.

उरली झडप व तिच्या तारा. झडपेचें वेटोळें मल्टिमीटरनें मोजलें तें सुमारें पंचवीस ओहम. गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मर्यादेंत तें बसत होतें. वेटोळें तुटलें असतें तर आंकडा अमर्याद आला असता, आंत चिकटलें असतें तर शून्याजवळ. मग झडपेचा जोड सोडून येणाऱ्या तारेवर मीटर लाविला, १२.३ व्होल्ट दिसले. पुतण्या हताश होऊन म्हणाला, "काका, तिथंहि हेंच झालं. बारा व्होल्ट येताहेत, म्हणजे वायर बरोबर, म्हणजे टर्बोच."

मिस्त्री हंसले. "मास्तर, होडीवर हें रोजचं आहे. मीटर बारा दाखवतो आणि एंजिन उचलत नाहीं. मीटरला काय, थेंबभर करंट पुरतो. काम करणाऱ्याला पोटभर लागतो."

त्यांनीं पिशवींतून पांच वॅटचा लहान दिवा काढला. झडप जेवढा प्रवाह घेते, जवळजवळ तेवढाच हा दिवा घेतो: अर्ध्या अँपिअरच्या आंतबाहेर. दिव्याचें एक टोंक त्या बारा व्होल्टांच्या तारेस व दुसरें बॅटरीच्या ऋण टोंकास लाविलें. दिवा लागला, पण विझत्या निखाऱ्यासारखा. मीटर आतां बारा दाखवीना. दिवा जळत असतां तेथें उणेपुरे सातच व्होल्ट होते. येथें वाचकांस एक सूचना देणें अवश्य आहे. ही दिव्याची परीक्षा केवळ बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर करावी. संगणकाकडे जाणाऱ्या तारेस, किंवा सेन्सरच्या पांच व्होल्टांच्या तारेस, असा दिवा कदापि लावूं नये. संगणक दगावण्याचा संभव असतो.

दिवा जळत ठेवूनच पुतणीनें वाटेंतील टप्पे मोजीत नेले. बॅटरीपाशीं १२.५. फ्यूजपाशीं १२.४. डाव्या चाकाच्या वरील आडोशांत तारांचा एक मधला जोड असतो; त्याच्या अलीकडे १२.३, पलीकडे ७.१. तिनें आंकडे एकाखालीं एक लिहिले व म्हणाली, "काका, पांच व्होल्ट या दोन बोटांच्या जागेंतच खर्च होताहेत." शाळेंत ओहमचा नियम आम्हीं पुष्कळांस घोकविला; पण घोकलेल्या नियमानें अंगणांत उकिडवें बसून चोर पकडलेला प्रथमच पाहिला. मिस्त्रींनीं जोडास जरा हलविलें. दिवा उजळला, पुन्हा मंदावला. अन्वय व व्यतिरेक दोन्ही पुरे झाले.

जोड उघडला, तेव्हां आंत दोन पिनांवर हिरवट-पांढरा थर बसलेला, आणि पाणी अडविणारी रबरी कडी जागेवर नाहीं. पूर्वीं कधीं तरी कोणी जोड उघडून कडी न बसवितांच मिटला असावा. आमच्या मंडळी तोंवर ओसरीवरून पाहत होत्या. त्या जवळ आल्या, वांकून पाहिलें आणि म्हणाल्या, "अहो, हें तर कळकलं आहे! कल्हई गेलेल्या पातेल्यांत ताक ठेवावं तसं." मिस्त्रींनीं मान डोलविली. उपमा म्हणून नव्हे, तर अक्षरशः तसेंच घडलें होतें. या पिना तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात व त्यांवर कथिलाचा मुलामा, म्हणजे कल्हईच, दिलेली असते. गाडीच्या थरथराटानें पिना एकमेकींवर घासून ती झिजते. उघड्या पडलेल्या तांब्यास खारा दमट वारा लागला कीं त्यावर क्षार धरतात, आणि ते क्षार प्रवाहाची वाट अडवितात. दंवाच्या सकाळीं दोष अधिक कां, याचाहि उलगडा झाला. गाडीचा रोग गाडींत होता खरा, पण त्याचें मूळ देशांत होतें.

उपशय म्हणजे उपचारानें परीक्षा. मिस्त्रींनीं जोडाला वळसा घालून फ्यूजसह एक तात्पुरती तार ओढली. दिवा लख्ख. मग झडप जोडून एंजिन सुरू केलें व पुतण्यानें जागच्या जागीं पायपट्टी दाबली. इतके दिवस मरगळलेली काडी चटकन् आंत ओढली गेली. एवढी खात्री झाल्यावरच त्यांनीं तात्पुरती तार काढली, सडलेल्या पिना कापून नव्या कल्हईच्या बसविल्या, तारेचा काळवंडलेला तुकडाहि स्वच्छ तांबें लागेपर्यंत छाटला, नवी रबरी कडी घातली, आणि जोडाचें तोंड खालीं राहील असा बांधला, म्हणजे पाणी आंत सांचणार नाहीं. सामान व मजुरी मिळून सातशें रुपये झाले. आम्ही अधिक देऊं लागलों, तर त्यांनीं शंभराची नोट परत केली व चहा मात्र दोनदां घेतला.

तिसऱ्या प्रहरीं चौकाच्या टेकडीचा चढ हीच परीक्षा ठरली. पुतण्या चालवीत होता, पुतणी यंत्रावरील आंकडे मोठ्यानें वाचीत होती: १०१, १४०, १८०, चढाच्या मध्यावर १९८. पिवळा दिवा लागला नाहीं. वर पोंचल्यावर वारा इतका होता कीं बोलणें ऐकूं येईना. समोर खाडीपलीकडे वसईचा तट उन्हांत पिवळा दिसत होता, खालीं होड्या निशाणें फडकावीत परतत होत्या, आणि आमच्या मंडळी पदर सांवरीत पुतणीस विचारीत होत्या कीं, तिसऱ्या वर्षास हेंच शिकवितात काय. "याहून पुढचं," ती म्हणाली.

ज्या वाचकांची वाहनें समुद्रकांठीं असतात, मग तें उत्तन असो, अलिबाग असो वा मालवण, त्यांच्यासाठीं चार गोष्टी लिहितों. पावसाळा संपतांच गाडीचा तळ गोड्या पाण्यानें धुवावा, पण तारांच्या जोडांवर जोराची धार मारूं नये. वर्षांतून एकदां हाताशीं येणारे जोड उघडून पिनांचा रंग पहावा व रबरी कडी जागेवर आहे याची खात्री करावी. तार तपासण्यासाठीं कोणासहि तिच्या वेष्टनांत सुई टोंचूं देऊं नये. त्या भोंकांतून मीठ आंत शिरतें. आणि कोणी मोठा भाग बदलण्याचा सल्ला दिला तर नम्रपणें दोन प्रश्न विचारावे: कोड कोणकोणते निघाले, आणि व्होल्ट मोजले ते प्रवाह वाहत असतांना कीं नुसते? चांगल्या कारागिरास या प्रश्नांचा राग येत नाहीं. टर्बो खरोखर नादुरुस्त होतच नाहीं असें नव्हे. तेल वेळेवर न बदलल्यानें त्याचा दांडा झिजतो, आणि मग तो बदलावाच लागतो. परंतु ती शिक्षा चौकशीनंतरची असावी.

उत्तन पाहण्यास जाणाऱ्यांनीं कार्तिक ते माघ हा काळ धरावा व सकाळीं लौकर निघावें. भाईंदरच्या पश्चिमेहून बस मिळते. चौकाच्या टेकडीवरून वसईचें दर्शन भरतीच्या वेळीं विशेष सुंदर असतें. किनाऱ्यावर हिंडतांना बोंबलांच्या मांडवांस हात लावूं नये. तो लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे. आणि होड्यांपाशीं एखादा मिस्त्री तारा उसकून बसलेला दिसला तर घटकाभर थांबावें. आमच्या पुतणीनें फी भरून झाल्यावर त्या मिस्त्रींकडे पुढच्या जूनमध्यें, समुद्र बंद असतांना, पंधरा दिवस काम शिकावयास येऊं काय, असें विचारून ठेविलें आहे; आणि त्यांनीं होकार दिला आहे.